एकेरी आणि दुहेरी आसाचे नौका-ट्रेलर

नौका-ट्रेलर म्हणजे लहान वा मध्यम आकाराची होडी रस्त्याने नेण्यासाठी, उतारधक्क्यावरून पाण्यात सोडण्यासाठी आणि एरवी जमिनीवर ठेवण्यासाठी वापरली जाणारी, मोटारीच्या मागे जोडावयाची चाकांची चौकट होय. तिच्याखाली एक आस (ॲक्सल) आणि दोन चाके असल्यास ती एकेरी आसाची, तर एकामागे एक असे दोन आस आणि चार चाके असल्यास दुहेरी आसाची म्हणून ओळखली जाते. अवजड नौकांसाठी तीन आसांचे ट्रेलरही बनतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन या देशांत खाजगी होड्या मोठ्या संख्येने घरी ठेवल्या जातात व सुटीच्या दिवशी पाण्यावर नेल्या जातात. त्यामुळे दोहोंपैकी कोणता ट्रेलर निवडावा हा प्रश्न तेथे प्रामुख्याने उद्भवतो.

ही निवड बहुधा होडीच्या लांबीवरून केली जाते. प्रत्यक्षात ती भरलेल्या होडीच्या वजनावरून, टायरच्या भारक्षमतेवरून आणि ओढणाऱ्या वाहनाच्या मर्यादेवरून ठरते. दुसरा आस ट्रेलरची भारक्षमता वाढवतो, परंतु मोटारीची ओढण्याची क्षमता वाढवत नाही आणि चुकीच्या पद्धतीने ठेवलेला भार सुधारतही नाही.

पार्श्वभूमी

होडीच्या मागील कडेला बसवता येणारे इंजिन ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ च्या सुमारास व्यावसायिक स्वरूपात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लायवूड, ॲल्युमिनियम आणि काचतंतू (फायबरग्लास) यांच्या हलक्या होड्या स्वस्तात मिळू लागल्या, रस्ते सुधारले आणि मोटारी सामर्थ्यवान झाल्या. होडी बंदरात बांधून ठेवण्याऐवजी घराच्या अंगणात ठेवणे त्यामुळे शक्य झाले. रस्त्याने नेण्याच्या सोयीचा होड्यांच्या घडणीवरही परिणाम झाला. अमेरिकेच्या प्रमुख महामार्गांवर वाहनाची कमाल रुंदी साडेआठ फूट (सुमारे २.५९ मीटर) आहे आणि तेथील अनेक होड्यांची रुंदी नेमकी तेवढीच ठेवलेली आढळते.

रचना आणि संज्ञा

ट्रेलरच्या पुढील निमुळत्या दांडीच्या टोकाला वाटीसारखा जोड असतो व तो मोटारीच्या मागील गोळ्यावर (टो बॉल) बसतो. होडीचा तळ रुळांवर किंवा गालिचा लावलेल्या लांब फळ्यांवर टेकतो आणि पुढील खांबावरील विंचने ती ओढून घेतली जाते. चौकट गोड्या पाण्यासाठी रंगवलेल्या पोलादाची चालते. समुद्रासाठी जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद किंवा ॲल्युमिनियम वापरतात.

दुहेरी आसाच्या ट्रेलरची ट्रॅक्टरच्या चारचाकी ट्रॉलीशी गल्लत होऊ नये. अशा ट्रॉलीचा पुढचा आस दांडीबरोबर वळतो आणि ट्रॉलीचा सगळा भार तिच्याच चार चाकांवर राहतो. नौका-ट्रेलरचे दोन्ही आस मात्र न वळणारे असतात, एकमेकांलगत, चाकांमध्ये वीतभराहून कमी मोकळी जागा ठेवून, ट्रेलरच्या मध्याच्या थोडे मागे बसवलेले असतात आणि भाराचा काही भाग मोटारीच्या गोळ्यावर येतो. या भागाला येथे जोडभार म्हटले आहे.

वजनाचा हिशेब

माहितीपत्रकात छापलेले वजन बहुधा रिकाम्या होडीचे असते. इंजिन, इंधन, बॅटऱ्या, नांगर, साखळी, दोरखंड, जीवरक्षक जाकिटे, पिण्याचे पाणी, बर्फाची पेटी आणि खुद्द ट्रेलर ही सर्व वजने त्यात मिळवावी लागतात. पेट्रोल लिटरमागे सुमारे पाऊण किलो भरते.

एक काल्पनिक, पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेता येईल. सुमारे ६ मीटर लांबीच्या काचतंतू होडीचे रिकामे वजन ९०० किलो आहे. १५० अश्वशक्तीच्या इंजिनाचे २२० किलो, दीडशे लिटर पेट्रोलचे ११०, दोन बॅटऱ्यांचे ५०, नांगर व इतर सामानाचे ९० आणि पाणी व बर्फाचे ६० किलो धरल्यास बेरीज १,४३० किलो होते. कागदावरच्या ९०० किलोंपेक्षा ती दीडपटीहून अधिक आहे. एकेरी आसाचा ट्रेलर ४०० किलोंचा असल्यास एकूण वजन १,८३० किलो, आणि दुहेरी आसाचा ५५० किलोंचा असल्यास १,९८० किलो होईल.

आता टायर पाहू. १८५ आर १४ सी या मापाच्या व १०२ भारांक असलेल्या टायरची क्षमता ८५० किलो असते, म्हणजे जोडीची १,७००. एकूण वजनाच्या ८ टक्के भार मोटारीच्या गोळ्यावर गेला असे मानल्यास एकेरी ट्रेलरच्या चाकांवर सुमारे १,६८४ किलो उरतात. कागदोपत्री हे बसते. मोकळीक केवळ १६ किलोंची राहते. दोन्ही बॅटऱ्या एकाच बाजूला असतील, तर त्या बाजूचा टायर क्षमतेबाहेर गेलेला असू शकतो. टायरची ही क्षमता निर्मात्याने सांगितलेला हवेचा दाब पूर्ण असतानाच लागू पडते, हेही विसरले जाते. दुहेरी ट्रेलरवर तेवढ्याच क्षमतेचे चार टायर ३,४०० किलो पेलतात आणि त्यांच्यावर सुमारे १,८२२ किलोच येतात.

परंतु ओढणाऱ्या मोटारीची मर्यादा १,८०० किलो असेल, तर दोन्ही पर्याय बाद ठरतात. दुहेरी तर अधिकच. मर्यादा २,००० किलो असल्यास दुहेरी ट्रेलर जेमतेम २० किलो शिल्लक ठेवतो. दुसऱ्या आसाचे, चाकांचे आणि ब्रेकचे वजन मोटारीच्याच खात्यावर चढते.

लांबीवरून निवड करणे किती फसवे आहे हे छोट्या होड्यांत आणखी स्पष्ट होते. ऑलिम्पिक स्पर्धांत वापरल्या जाणाऱ्या, पूर्वी लेझर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इल्का वर्गाच्या शिडाच्या होडीची लांबी सुमारे ४.२ मीटर असूनही तिचा सांगाडा ५९ किलोंचा असतो. तेवढ्याच लांबीची, इंजिन, इंधन आणि मासेमारीचे सामान असलेली होडी याच्या कित्येक पट भरते.

जोडभार आणि तोल

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि बैलांना गाडी आवरेनाशी होते. पुढे जास्त भरला तर सगळे ओझे बैलांच्या मानेवर येते. नौका-ट्रेलरच्या बाबतीत जू म्हणजे मोटारीचा गोळा. जोडभार फार कमी असल्यास वेग वाढताच ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि हे झोके वाढत गेल्यास मोटारीसह उलटतो. जोडभार फार जास्त झाल्यास मोटारीचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू व ब्रेक यांची पकड घटते.

योग्य प्रमाणाविषयी देशोदेशीच्या शिफारशी वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेत साधारण ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के जोडभार सुचवला जातो, नौका-ट्रेलरसाठी अनेकदा त्याहून कमी. ऑस्ट्रेलियात १० टक्क्यांच्या आसपास. युरोपातील मोटारींच्या गोळ्यांची मर्यादा बहुधा ७५ ते १०० किलोंच्या घरात असल्याने तेथे हे प्रमाण बरेच खाली ठेवावे लागते. एका देशातील सल्ला दुसऱ्या देशातील मोटारीला जसाच्या तसा लावणे म्हणूनच धोक्याचे असते.

होडीच्या बाबतीत अडचण अशी की सर्वांत जड वस्तू, म्हणजे इंजिन, अगदी मागे टांगलेली असते. जोडभार वाढवण्यासाठी विंचचा खांब पुढे सरकवून होडी पुढे घेतात, किंवा आस मागे सरकवतात. इंधनाची टाकी भरल्यावर वा रिकामी झाल्यावर आणि सामान हलवल्यावर जोडभार बदलतो. म्हणून तो प्रवासाला निघण्याच्या स्थितीतच मोजावा लागतो.

दुहेरी आसामुळे झोके आपोआप थांबतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. गोळ्याभोवती ट्रेलर आडवा फिरू पाहतो तेव्हा त्याला आवरणारे बल टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून मिळते. गोळ्यापासून आसापर्यंतचे अंतर ५ मीटर आणि दोन आसांमधील अंतर ८४ सेंटिमीटर धरल्यास, आस विभागल्यामुळे या रोधात पडणारी भर एक टक्क्याहूनही कमी निघते. खरा फायदा होतो तो टायरच्या संख्येमुळे. टायरची आडव्या बलाला विरोध करण्याची ताकद भाराच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून सावकाश वाढते. त्यामुळे निम्मा भार घेतलेले चार टायर पूर्ण भार घेतलेल्या दोन टायरांपेक्षा एकत्रितपणे अधिक ताठ राहतात. हा फायदा खरा आहे. मात्र होडी मागे सरकलेली आणि जोडभार तुटपुंजा असेल तर तो पुरत नाही. चालक मात्र स्थिरतेच्या अनुभवावर विसंबून वेग वाढवतो.

भाराची वाटणी: पट्ट्यांच्या स्प्रिंगा आणि रबरी आस

दुहेरी आस असूनही दोन्ही आसांवर सारखा भार येतोच असे नाही. पट्ट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या बहुतेक ट्रेलरांत पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगेला जोडणारी, मध्यभागी खिळलेली एक तोलदांडी असते. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की दांडी कलते आणि तेवढाच भार मागच्या चाकावर ढकलते. यामुळे दोन आस मिळून एकाच टेकणाप्रमाणे वागतात, भार समान वाटला जातो आणि चाक जेवढे उचलले जाईल त्याच्या साधारण निम्मीच उंची चौकटीपर्यंत पोहोचते. खराब रस्त्यावर होडीच्या तळाला बसणारे धक्के या कारणाने सौम्य होतात.

रबरी पिळाच्या (टॉर्शन) आसात पोकळ नळीत रबराचे दांडे दाबलेले असतात आणि चाकाचा हात त्यांना पिळतो. उघड्या पट्ट्या, खिळ्या आणि बिजागऱ्या नसल्याने गंजायला जागा कमी, हा त्याचा समुद्राकाठी मोठा गुण. परंतु येथे प्रत्येक आस स्वतंत्र असतो, तोलदांडी नसते. ट्रेलर जमिनीला समांतर असेल तरच भार सारखा वाटला जातो. मोटारीचा गोळा उंच असल्यास ट्रेलरचे नाक वर उचलले जाते, पुढचा आस हलका होतो आणि मागच्यावर अधिक भार येतो. गोळा खाली असल्यास याच्या उलट घडते. उतारधक्क्याच्या माथ्यावर, जेथे सपाट जमीन संपून उतार सुरू होतो, तेथे काही क्षण जवळजवळ संपूर्ण भार एकाच आसावर येऊ शकतो. पूर्वीपेक्षा उंच मोटार घेतल्यावर गोळ्याची उंची पुन्हा जुळवणे म्हणूनच दुहेरी रबरी आसाच्या ट्रेलरला अनिवार्य ठरते. एकेरी आसाला या बाबतीत बरीच मोकळीक असते.

टायर फुटल्यास

दुहेरी आसाच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत प्रबळ युक्तिवाद हाच आहे. एकेरी ट्रेलरचा टायर वेगात फुटला तर ती बाजू चाकाच्या कड्यावर कोसळते, ट्रेलर त्या बाजूला ओढला जातो आणि महामार्गाच्या कडेलाच थांबणे भाग पडते. दुहेरी ट्रेलरमध्ये शेजारचा टायर भार झेलतो आणि सुरक्षित जागा गाठण्याइतका अवधी मिळतो. वर दिलेल्या उदाहरणात एक टायर गेल्यास त्या बाजूचा सुमारे ९११ किलो भार ८५० किलो क्षमतेच्या एकट्या टायरवर येईल. म्हणजे हळू वेगाने थोडे अंतर जाता येईल, घरापर्यंत नाही.

या गुणाची दुसरी बाजूही आहे. ट्रेलर फारसा न डळमळल्याने टायर बसल्याचे चालकाच्या लक्षातच येत नाही. हवा गेलेला टायर शेजारच्या चाकाबरोबर फरफटत तापतो, चिंधड्या होऊन चिखलपट्टी आणि ब्रेकच्या नळ्या उपटतो, प्रसंगी पेटतोही. लांबच्या प्रवासात टायरचा दाब दाखवणारे संवेदक दुहेरी ट्रेलरवर लावणे त्यामुळे अधिकच इष्ट आहे. नौका-ट्रेलरचे टायर झिजण्याआधी उन्हाने आणि वयाने निकामी होतात, ही बाब दोन्ही प्रकारांना समान लागू आहे.

वळणे, हाताने हलवणे आणि साठवण

वळताना प्रत्येक चाक वळणाच्या केंद्राभोवती वर्तुळात फिरू पाहते. एकेरी आसाच्या दोन्ही चाकांना हे सहज साधते. दोन समांतर, न वळणाऱ्या आसांना मात्र एकच केंद्र जुळत नाही. तीव्र वळणावर पुढची चाके एका बाजूला आणि मागची दुसऱ्या बाजूला घासली जातात. टायरच्या कडा झिजतात, आसांवर व स्प्रिंगांवर आडवा ताण येतो आणि फरसबंदीवर काळे ओरखडे उमटतात.

हाताने ढकलताना हा फरक सर्वाधिक जाणवतो. पुढच्या लहान आधारचाकावर टेकवलेला हलका एकेरी ट्रेलर दोन माणसे जागच्या जागी फिरवू शकतात. दुहेरी ट्रेलर सरळ ढकलता येतो, वळवता येत नाही. अरुंद गल्ली किंवा आखूड अंगण असलेल्या घरी मोटार फिरवायला जागा नसल्यास तो गैरसोयीचा ठरतो. उलट्या दिशेने नेताना चित्र थोडे बदलते. एकेरी, विशेषतः आखूड ट्रेलर सुकाणूच्या किंचित हालचालीनेही पटकन वाकडा होतो. दुहेरी सावकाश वळतो, त्यामुळे नवख्या चालकाला आवरायला सोपा जातो.

पाणी, मीठ आणि खर्च

नौका-ट्रेलर इतर ट्रेलरांपेक्षा वेगळा आहे तो चाके पाण्यात बुडतात म्हणून. दूरच्या प्रवासाने तापलेला चाकाचा तुंबा (हब) एकदम थंड पाण्यात गेला की आतील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. ग्रीस पांढरट होते, बेअरिंग गंजते आणि पुढच्या प्रवासात जाम होऊन चाक निखळण्यापर्यंत वेळ येते. आत ग्रीसचा किंचित दाब टिकवणारी स्प्रिंगची टोपणे, धक्क्यावर पोहोचल्यावर तुंबे निवेपर्यंत थांबणे आणि परतल्यावर गोड्या पाण्याने धुणे हे यावरचे उपाय आहेत. हमखास उपाय एकच: ठरावीक काळाने तुंबे उघडून बेअरिंग पाहणे.

दुहेरी आसात असे चार तुंबे, बेअरिंगांचे चार संच, चार टायर आणि बहुधा दुप्पट ब्रेक असतात. खरेदीच्या वेळचा फरक एकदाच मोजावा लागतो, देखभालीचा दरवर्षी. अमेरिकेतील अनेक टोल-रस्त्यांवर आकारणी आसांच्या संख्येनुसार होते, त्यामुळे तेथे दुहेरी ट्रेलरला वाटखर्चही जास्त पडतो. देखभाल टाळणाऱ्या मालकाच्या हाती चार दुर्लक्षित बेअरिंगे ही दोन दुर्लक्षित बेअरिंगांपेक्षा अधिक सुरक्षित नसतात. बिघडण्याच्या जागा दुप्पट होतात, इतकेच.

ब्रेक आणि कायदा

ब्रेकसंबंधीचे नियम मुख्यतः वजनावर आधारलेले आहेत. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोंपर्यंत आणि मोटारीच्या वजनाच्या निम्म्यापर्यंतच चालते. त्यापुढे ३,५०० किलोंपर्यंत ट्रेलर पुढे रेटला गेल्यावर आपोआप लागणारे रेटा-ब्रेक (ओव्हररन) वापरले जातात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीच्या परवान्यावरही ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. ऑस्ट्रेलियात चाकांवरील भार ७५० किलोंहून जास्त असल्यास ब्रेक सक्तीचे आहेत. २,००० किलोंच्या पुढे सर्व चाकांना ब्रेक, चालकाच्या जागेवरून ते लावण्याची सोय आणि ट्रेलर सुटल्यास आपोआप ब्रेक लागण्याची व्यवस्था असावी लागते. तेथील हलक्या ट्रेलरांच्या नियमांत एक मीटरहून कमी अंतरावरचे दोन आस एकच आस मानले जातात, ही नोंद मनोरंजक आहे: रस्त्यावर दिसणारे दोन आस कायद्याच्या हिशेबी एक असू शकतात. अमेरिकेत हे नियम राज्यागणिक बदलतात. फ्लोरिडासह अनेक राज्यांत ३,००० पौंड (सुमारे १,३६० किलो) ही सीमा आढळते.

विजेवर चालणारे साधे ब्रेक खाऱ्या पाण्यात लवकर खराब होतात. त्यामुळे नौका-ट्रेलरवर द्रवचालित ब्रेक, आणि जड ट्रेलरवर मोटारीतून विद्युत संकेत घेऊन द्रवदाब निर्माण करणारी यंत्रणा पसंत केली जाते.

निवड

भरलेल्या होडीसह एकूण वजन साधारण १,३०० किलोंच्या आत असेल, तर दुसऱ्या आसाचा फायदा त्याच्या वजनाने आणि देखभालीने खाऊन टाकला जातो. एकेरी ट्रेलरच रास्त ठरतो. २,००० किलोंच्या पुढे दुहेरी आस जवळपास अपरिहार्य होतो. या दोहोंमधील पट्ट्यात एकच नियम लावता येत नाही. धक्का घरापासून पाच-सात किलोमीटरवर असेल, रस्ता संथ असेल आणि ट्रेलर हाताने आत ढकलावा लागत असेल, तर जास्त क्षमतेचा आस व टायर असलेला एकेरी ट्रेलर योग्य. दर सुटीत महामार्गावरून शेकडो किलोमीटर जायचे असेल आणि मोटारीच्या मर्यादेत पुरेशी शिल्लक असेल, तर दुहेरी.

वापरलेला ट्रेलर घेताना आस मोजण्याआधी निर्मात्याची वजनपट्टी वाचणे आवश्यक आहे. जुन्या दुहेरी ट्रेलरवर कमी क्षमतेचे टायर बसवलेले असणे, एका आसाचे ब्रेक काढून टाकलेले असणे किंवा तोलदांडीची खीळ झिजून ती एका बाजूला अडकलेली असणे, या गोष्टी दुरून दिसत नाहीत. भरलेली होडी मोटारीसह वजनकाट्यावर नेऊन एकदा संपूर्ण आणि एकदा केवळ ट्रेलरच्या चाकांचे वजन घेतल्यास बहुतेक शंका मिटतात. ट्रेलर सोडवून त्याचे एकट्याचे वजन केल्यास त्यातून चाकांवरील भार वजा करून जोडभारही कळतो.